आशिया कुठे संपतो ते सांगा

बसा. वह्या मिटा, पेनं खाली ठेवा. आज फळ्यावर काही लिहून देणार नाही, त्यामुळे उतरून घ्यायलाही काही नाही. आज फक्त ऐकायचं.

काल तुम्हाला एकेक कोरा कागद दिला होता. नकाशावही दप्तरात, दप्तरं भिंतीशी, आणि काम एवढंच: आशिया खंड आठवून काढा, त्याची हद्द सगळीकडून फिरवून पूर्ण करा आणि आत आपलं गाव मुकुटबन कुठे आहे ते टिंब देऊन दाखवा. ही चित्रकलेची परीक्षा नव्हती. किनारा वेडावाकडा आला असता, जपान तिरपा पडला असता, तरी मी एक शब्द बोलले नसते. मला तुमचा हात बघायचा नव्हता, तुमच्या डोक्यात काय आहे ते बघायचं होतं. ते बघितलं. मला राग आलाय, आणि तो मी लपवणार नाही.

आधी त्या वाक्याबद्दल बोलते. काम सुरू होऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोच मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, बोर्डाच्या पेपरात नकाशा छापूनच येते, आपल्याले फक्त भरा लागते. मंग हे काहून?" आणि अर्ध्या वर्गाने माना डोलावल्या. ज्याने विचारलं त्याला मी काही म्हणणार नाही, त्याने मनातलं उघड बोलून दाखवलं. पण माना डोलावणाऱ्यांनो, तुम्ही कशाला होकार दिलात ते कळलं का? पृथ्वीचा आकार दुसऱ्या कुणीतरी काढून द्यायचा आणि आपण त्याच्या चौकटीत रंग भरायचा, हे तुम्ही दहावीत, पंधराव्या वर्षी मान्य करून मोकळे झालात. छापील आराखड्यात मुंबई बंदर दाखवलं की मार्क मिळतो. घ्या तो मार्क, मी अडवत नाही. पण आराखडा मिटल्यावर डोक्यात काहीच उरत नसेल, तर एवढी वर्षं तुम्ही भूगोल शिकला नाहीत, रंगकाम केलंत.

आता कागदांवर काय होतं ते ऐका.

बहुतेकांनी आशिया आणि युरोप यांच्यामध्ये समुद्र काढलाय. निळ्या पेन्सिलीने, लाटांसकट. का काढला? कारण चारी बाजूंनी पाणी असलेला मोठा भूभाग म्हणजे खंड, ही ओळ तुम्हाला पाठ आहे. ओळ पाठ म्हणून तुम्ही कोरड्या जमिनीवर पाणी ओतलंत. पाचवीपासून जगाचा नकाशा तुमच्या वर्गाच्या भिंतीवर आहे. त्यात आशिया आणि युरोप एकमेकांना चिकटलेले आहेत. काळ्या समुद्रापासून थेट आर्क्टिकपर्यंत त्यांच्यात कुठे महासागर नाही. डोळ्यांनी पाहिलेल्या नकाशापेक्षा घोकलेल्या ओळीवर तुम्ही जास्त भरवसा ठेवलात. याला मी चूक म्हणत नाही, हा आळस आहे. चूक विचार करताना होते. तुम्ही विचारच केला नाही.

काहींचा आशिया चीनच्या वरच्या कडेला संपलाय. रशिया म्हणजे युरोप, असं धरून सबंध सायबेरिया उडवून दिला. रशियाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग उरलच्या पूर्वेला, आशियात आहे. एक कोटी तीस लाख चौरस किलोमीटरच्या घरातली जमीन, जवळजवळ चार भारत मावतील एवढी, तुम्ही पेन्सिलीच्या एका फटक्यात कापून टाकलीत. ती जमीन पूर्वेला इतकी लांब जाते की १८० अंशाचं रेखावृत्त ओलांडून पश्चिम गोलार्धात शिरते. तिचं शेवटचं टोक, केप डेझनेव्ह, अलास्कापासून शंभर किलोमीटरसुद्धा दूर नाही. तुमच्यापैकी एकाच्याही कागदावर आशिया अमेरिकेच्या इतका जवळ गेलेला दिसला नाही, कारण तुमच्या मनात एक जग कागदाच्या डाव्या कडेला संपतं आणि दुसरं उजव्या कडेला. कागद सपाट असतो. पृथ्वी सपाट नाही, हे सहावीच्या मुलाला सांगितलं तर शोभतं, तुम्हाला सांगावं लागतंय.

आणि अरबस्तान! पंधरा-वीस जणांनी सौदी अरेबिया आफ्रिकेला देऊन टाकलाय. विचारलं तर उत्तर आलं, "तिकडे वाळवंट आहे, उंट आहेत." म्हणजे ज्या जमिनीचं चित्र तुमच्या डोक्यात आफ्रिकेसारखं, ती आफ्रिकेत. ज्या जमिनीचं चित्र गोऱ्या माणसांचं, ती युरोपात. हे भूगोलाचं अज्ञान आहे असं समजून सोडून देऊ नका. माणसाचा रंग, कपडे आणि पैसा बघून तुम्ही त्याची जमीन इकडून तिकडे सरकवताय. हीच सवय घेऊन उद्या तुम्ही पुण्याला, हैदराबादला जाल आणि समोरच्या माणसाचा चेहरा बघून तो कुठला ते ठरवाल. तुमच्याबद्दल तिथे कुणी असंच ठरवलं तर चालेल का? नाही चालणार. मग इथेही चालणार नाही.

ज्यांनी उरल पर्वतावरून बरोबर रेघ ओढली त्यांनी आता मान वर करू नये. तुम्हाला मी विचारलं, हद्द इथूनच का? तुम्ही म्हणालात, पर्वत आहे म्हणून. किती उंच? "हिमालयाएवढा असेल." उरलचं सगळ्यात उंच शिखर नारोदनाया, १८९५ मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. एवढाच फरक. हिमालय जगात सर्वांत उंच, आणि तो कुठल्याही खंडाची हद्द नाही. उरल त्याच्यासमोर टेकड्यांसारखा, सायबेरियाला जाणारी आगगाडी तो सहज ओलांडते, आणि तिथे म्हणे खंड संपतो. तुमच्यापैकी एकालाही हे खटकलं नाही? रेघ बरोबर आली, पण प्रश्न पडला नाही. अशा बरोबर रेघेला मी किंमत देत नाही.

ती रेघ जमिनीने ओढलेली नाही, माणसांनी ओढली आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीक इतिहासकार हिरोडोटसला पडलेला प्रश्न तुम्हाला पडायला हवा होता: जमीन जर एकसंध, तर तिला तीन नावं का, आणि त्या नावांच्या हद्दी नद्यांवर कुणी ठरवल्या? पुढे कित्येक शतकं युरोपातले लोक आशियाची हद्द डॉन नदीवर मानत होते. ती उरलवर गेली अठराव्या शतकात. रशियाशी झालेल्या पोल्टावाच्या लढाईनंतर फिलिप योहान फॉन स्ट्रालेनबर्ग नावाचा स्वीडिश अधिकारी रशियाच्या कैदेत सापडला आणि सायबेरियात अनेक वर्षं राहिला. त्याने १७३० साली छापलेल्या पुस्तकात आणि नकाशात उरलची हद्द मांडली. रशियाचे वासिली ततिश्चेव यांनीही तीच हद्द उचलून धरली, आणि कल्पना मुळात आपली असल्याचं सांगितलं. पीटर द ग्रेटनंतरच्या रशियाला आपण युरोपातले म्हणवून घ्यायचं होतं, त्याला ही रेघ सोयीची होती. बघा, कोण, केव्हा, कशासाठी, तिन्ही गोष्टी सापडतात.

शेताचा धुरा कुठून जातो यावर तुमच्या घरी किती बोलणं होतं ते आठवा. कुठल्या साली कुणी नांगर लावून तो हातभर सरकवला, मोजणीला कोण आलं होतं, तलाठ्याच्या कागदात काय आहे आणि बांधावरचं बाभळीचं झाड कुणाचं, हे तुम्हाला तोंडपाठ असतं. धुरा देवाने घातलाय असं तुमच्यापैकी एकही जण म्हणणार नाही. हीच चौकशी उरलची करायची, एवढंच मी मागत होते.

उरलच्या खाली तर भांडण अजून मिटलेलं नाही. कोणी उरल नदी धरतं, कोणी एम्बा नदी. कॅस्पियन आणि काळ्या समुद्राच्या मध्ये कोणी कॉकेशसचा माथा धरतं, कोणी त्याच्या उत्तरेचा कुमा-मानिच हा सखल पट्टा. कॉकेशसचा माथा धरला तर ५६४२ मीटरचा एल्ब्रुस युरोपातला सर्वांत उंच पर्वत ठरतो. सखल पट्टा धरला तर एल्ब्रुस आशियात जातो आणि तो मान आल्प्समधल्या माँ ब्लाँला मिळतो. रेघ सरकली की सामान्यज्ञानाच्या पुस्तकातलं उत्तर बदलतं. तुम्ही ते उत्तर रेघेशिवाय पाठ करता. खंड सात, हेही तसंच. रशियात मुलांना युरेशिया हा एकच खंड शिकवतात. दक्षिण अमेरिकेतल्या बऱ्याच देशांत दोन्ही अमेरिका मिळून एक खंड मानतात. म्हणजे त्यांचा भूगोल खोटा असं नाही. ते कशावरून मोजतात हे आधी विचारायचं, मग आकडा सांगायचा.

इजिप्त आणि तुर्कस्तानचं थोडक्यात सांगते, कारण ते तुमच्या पुस्तकात आहे आणि तुम्ही ते वाचलेलं नाही. सुएझचा कालवा १८६९ साली सुरू झाला. त्याच्या पूर्वेचा सिनाई आशियात धरतात, पश्चिमेचा इजिप्त आफ्रिकेत. एकच देश, एकच सरकार. इस्तंबूल शहर बॉस्फरस सामुद्रधुनीच्या दोन्ही काठांवर वसलेलं आहे आणि ती सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम सातशे मीटर रुंद आहे. तिथली माणसं एका खंडात झोपतात आणि दुसऱ्या खंडात कामाला जातात. तुमच्यातल्या काहींनी इस्तंबूलच्या जागी उंच डोंगर काढलेत.

आता आकाराबद्दल. मी आशिया काढायला सांगितला होता, पण शेजारी आफ्रिका काढायचा उत्साह पुष्कळांना आला. तो आफ्रिका भारताच्या दुप्पटसुद्धा नाही. खरा आफ्रिका तीन कोटी चौरस किलोमीटरचा आहे, त्यात नऊ भारत बसतात. ग्रीनलंड तुम्ही त्याच्याएवढं काढलंत, आणि आफ्रिकेत ग्रीनलंड चौदा वेळा मावतं. यात तुमचा सगळा दोष नाही, हे मी मान्य करते. गेरार्डस मर्केटरने १५६९ साली खलाशांसाठी जो नकाशा केला त्यात दिशा नीट राहाव्या म्हणून ध्रुवांकडची जमीन ताणलेली आहे. तोच आकार सगळ्यांच्या डोळ्यांत बसलाय. थॉमस सारिनेन या अमेरिकी भूगोलज्ञाने जगभरच्या अनेक देशांतल्या विद्यार्थ्यांकडून जगाचे नकाशे आठवून काढून घेतले, तेव्हा युरोप फुगलेला आणि आफ्रिका आकसलेला निघाला. म्हणजे तुम्ही एकटे नाही. पण जगभरची मुलं चुकतात म्हणून तुमची चूक बरोबर होत नाही. अंश दिलेत, क्षेत्रफळ दिलंय, तपासायला दोन मिनिटं लागतात. तुमच्यापैकी कुणी तपासलं?

मी काल जाताना एक प्रश्न टाकला होता. आपल्याकडून आदिलाबाद कुठल्या दिशेला? वर्ग एका सुरात ओरडला, "पूर्व!" हैदराबाद? "पूर्व!" तेलंगणा महाराष्ट्राच्या पूर्वेला, म्हणून तेलंगणातलं सगळं पूर्वेला. आता नकाशावही काढा, हो, आता काढा, आणि रेखावृत्त बघा. मुकुटबन ७९ अंशाच्या जरा अलीकडे आहे. आदिलाबाद आणि हैदराबाद दोन्ही साडेअठ्ठ्याहत्तरच्या आसपास. दोन्ही आपल्या पश्चिमेला सरकलेली आहेत. आदिलाबाद नैर्ऋत्येला, हैदराबाद दक्षिणेला आणि किंचित पश्चिमेला. आदिलाबादच्या बाजारात तुमच्या घरचा कापूस जातो. वणीहून आदिलाबादला जाणाऱ्या गाडीत तुम्ही बसलेले आहात. दुपार कलल्यावर ऊन कुठल्या बाजूच्या खिडकीतून तोंडावर येतं ते तुम्हाला अंगाने माहीत आहे. तरी डोक्यातल्या राज्याच्या चौकोनाने तुमच्या अंगाला खोटं पाडलं.

याचा अभ्यास झालेला आहे. अल्बर्ट स्टीव्हन्स आणि पॅटी कूप या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली अमेरिकेतल्या लोकांना विचारलं, सॅन डिएगोहून रिनो कुठल्या दिशेला? लोक म्हणाले ईशान्येला, कारण रिनो नेवाडात आणि नेवाडा कॅलिफोर्नियाच्या पूर्वेला. खरं तर रिनो वायव्येला आहे. माणूस मोठा चौकोन लक्षात ठेवतो आणि आतली गावं त्या चौकोनाच्या हिशोबाने मांडतो. बार्बरा ट्वेर्स्की यांनी १९८१ साली दाखवलं की लोक खंडसुद्धा असेच सरळ रांगेत लावतात. दक्षिण अमेरिका उत्तर अमेरिकेच्या थेट खाली आहे असं तुम्हाला वाटतं ना? चिलीचं सँटियागो पश्चिम किनाऱ्याच्या बाजूचं शहर, आणि तरी ते न्यूयॉर्कच्या पूर्वेला आहे. आफ्रिका युरोपच्या पूर्ण खाली वाटतो ना? अल्जियर्स जिब्राल्टरच्या उत्तरेला आहे. तुमच्या मनाची ही खोड आहे, माझ्याही मनाची आहे, सगळ्यांच्याच मनाची आहे. म्हणून तर मनावर विसंबून न राहता मोजायला शिकवतात. त्यासाठी अक्षांश-रेखांशाचा धडा आहे. तो धडा तुम्ही परीक्षेपुरता वाचता आणि नंतर त्याच्याकडे ढुंकून बघत नाही.

हद्द म्हणजे काय हे दुसऱ्या गावच्या मुलांना कळलं नाही तर मी समजू शकते. तुम्हाला कळू नये? तुमच्या तालुक्याच्या दक्षिणेला पैनगंगा आहे. अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे तेलंगणा. पण १९५६ पूर्वी पलीकडे हैदराबाद संस्थानातून झालेलं हैदराबाद राज्य होतं आणि अलीकडचं यवतमाळ जुन्या मध्य प्रदेशात. मग यवतमाळ मुंबई राज्यात गेलं आणि १९६० ला महाराष्ट्र झाला. पलीकडचा आंध्र प्रदेश २०१४ ला तुटून तेलंगणा झाला. किनवट आणि राजुरा पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते, आज ते महाराष्ट्रात आहेत. जिवती तालुक्यातल्या चौदा गावांवर तर दोन्ही राज्यं हक्क सांगत आली, आणि तिथल्या माणसांनी दोन्हीकडे मतदान केलेलं आहे. या सगळ्या काळात नदी आपल्या जागेवरून वाहतेय. तिच्या दोन्ही काठांना कोलाम आहेत, गोंड आहेत, दोन्हीकडे सोयरिकी आहेत, एकाच घरात मराठी, तेलुगू, कोलामी चालते. या वर्गातल्या किती जणांच्या मावश्या नदीपलीकडे दिल्या आहेत ते मला ठाऊक आहे. हद्द ओढली जाते, सरकते, तिला कारण असतं, आणि तिच्या पलीकडे आपलीच माणसं असतात, हे तुम्ही रोज जगता. आणि कागद हातात आला की हद्द म्हणजे जाड काळी रेघ आणि पलीकडे पाणी.

मुकुटबनचं टिंब. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. निम्म्या कागदांवर ते टिंबच नव्हतं. काहींनी नागपूरच्या जागी दिलं. आणि एकाने खाली लिहिलं, "आपलं गाव नकाशात नसते." हे वाचून मी कागद बाजूला ठेवला.

हे वाक्य कुणी शिकवलं तुम्हाला? उभं राहून कुणी सांगितलं नसेल. रोज थोडं थोडं तुमच्यात उतरलं असेल. जग म्हणजे दुसरीकडे असलेली गोष्ट, खंड म्हणजे दुसऱ्यांनी काढलेला आकार, आणि आपण त्यात कुठेच नाही. आता मी जे सांगते ते तुमच्या बाकाखालच्या जमिनीबद्दल आहे. कान उघडे ठेवा.

यवतमाळ जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या बेसाल्टखाली झाकलेला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींचा तो खडक, आणि आपली कापसाची काळी माती त्याच्यातूनच आली. पण वणी-मुकुटबनच्या पट्ट्यात जुने थर वर आलेले आहेत. इथे चुनखडक आहे, म्हणून सिमेंटचा कारखाना आला. तो चुनखडक एका जुन्या समुद्राच्या तळाशी साचलेला आहे. आणि इथे कोळसा आहे. मार्की-मांगलीला, घोन्साला, उकणीला, राजूरला. तुमच्या वडिलांपैकी कितीतरी जण त्या खाणींवर जातात, कोळशाचे ट्रक दिवसभर आपल्या रस्त्यावरून धावतात, आणि त्यांची धूळ तुमच्या गणवेशावर बसते. तो कोळसा पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या झाडांचा आहे. त्यातलं मुख्य झाड ग्लॉसोप्टेरिस, जिभेच्या आकाराचं पान, मधोमध शीर आणि दोन्हीकडे जाळी. त्या काळी ही जमीन आशियात नव्हती. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया आणि भारत हे सगळे दक्षिणेकडे एका खंडात जोडलेले होते. त्या खंडाला भूशास्त्रज्ञांनी नाव दिलं गोंडवन. ओट्टोकार फाइस्टमांटेल यांनी १८७६ मध्ये इथल्या खडकांसाठी ते छापलं आणि एडुआर्ड झ्यूस यांनी १८८५ मध्ये सबंध खंडाला लावलं. हे नाव लंडनवरून आलं नाही, रोमवरून आलं नाही. गोंडांच्या मुलखावरून आलं. या वर्गात आत्राम आहेत, मडावी आहेत, टेकाम आहेत. तुमच्या पूर्वजांच्या मुलखाचं नाव जगातल्या प्रत्येक भूशास्त्राच्या पुस्तकात आहे, आणि तुम्ही मला लिहून देता की आपलं गाव नकाशात नसते.

अजून ऐका. इंग्रज शोधप्रवासी रॉबर्ट स्कॉट आणि त्याचे सोबती १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परत येताना मेले. नोव्हेंबरात त्यांचे देह सापडले तेव्हा त्यांच्याजवळ जवळजवळ सोळा किलो दगड होते. अन्न संपलेलं, पाय गोठलेले, तरी स्वतः स्लेज ओढत आणलेले ते दगड त्यांनी टाकले नव्हते. त्यांच्यात ग्लॉसोप्टेरिसची पानं निघाली. आपल्या कोळशातलं झाड. त्याच वर्षी जानेवारीत जर्मनीत शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी खंड सरकतात हे मत पहिल्यांदा जाहीर मांडलं होतं, आणि त्यांना पुष्कळ वर्षं लोक हसले. अंटार्क्टिकातलं पान आणि भारतातलं पान एक, हा वेगेनर यांच्या बाजूचा मोठा पुरावा ठरला. यंदा तुमच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी दिलेत. दक्षिण ब्राझीलच्या कोळशातही हेच पान आहे. तुम्ही दोन्ही देशांच्या पिकांची कोष्टकं पाठ करता, पण ते एके काळी एकाच जमिनीवर होते हे तुमच्या मनात येत नाही.

मग ही जमीन तुटली, उत्तरेकडे सरकली आणि पाच कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास आशियाला जाऊन धडकली. हिमालय त्यातून उठला. ती अजून वर्षाला काही सेंटीमीटर सरकते आहे. आता मला सांगा, जमिनीच्या हिशोबाने आशियाची दक्षिण हद्द कुठे? कन्याकुमारीला की हिमालयात? भूशास्त्रज्ञाला विचारलंत तर एक उत्तर येईल, पुस्तकाला विचारलंत तर दुसरं, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतील. हा प्रश्न तुम्हाला पडू शकतो, कारण तुम्ही तुटलेल्या खंडाच्या कोळशावर बसला आहात. तुम्हाला नाही पडला तर कुणाला पडणार?

तीन कागदांवर श्रीलंका बंगालच्या उपसागराच्या मधोमध, एकाच जागी, एकाच आकाराची होती. ते तिघे कोण, त्यांना माहीत आहे. दुसऱ्याच्या डोक्यातला चुकीचा नकाशा स्वतःच्या डोक्यात भरून घेण्यासारखं दारिद्र्य नाही. मधल्या सुट्टीत मला भेटा.

आणि एका कागदावर कॅस्पियन ते काळा समुद्र ही रेघ अर्धवट सोडलेली होती. तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलेलं होतं आणि बाजूला लिहिलं होतं, "इथे पर्वत की नदी, कळलं नाही." कालच्या सगळ्या गठ्ठ्यात भूगोल तेवढ्या जागी होता. त्या मुलीचं नाव घेत नाही, कारण तुम्ही लगेच तिच्या वहीवर तुटून पडाल. तिचे मार्क मी कापलेले नाहीत. तिला माझ्याकडून नकाशावही घरी न्यायला मिळेल.

शनिवारी सकाळच्या शाळेत पुन्हा कोरा कागद मिळेल. यावेळी सगळा आशिया नको. फक्त आग्नेय टोक: इंडोनेशियापासून न्यू गिनीपर्यंत. आधी अक्षांश-रेखांश हलक्या हाताने ओढा, मग बेटं. न्यू गिनी बेटाचा पश्चिम अर्धा भाग इंडोनेशियात आहे, पूर्व अर्ध्यावर पापुआ न्यू गिनी हा वेगळा देश. देशाची हद्द धरलीत तर आशिया त्या बेटाच्या मधोमध संपतो. समुद्राचा तळ धरलात तर न्यू गिनी उथळ पाण्याखालून ऑस्ट्रेलियाला जोडलेलं आहे. प्राणी धरलेत तर निसर्गअभ्यासक आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी ओढलेली रेघ बाली आणि लोंबोकच्या मधून जाते. त्या दोन बेटांत जेमतेम पस्तीस किलोमीटरचं पाणी आहे, पण पलीकडे पक्षी ऑस्ट्रेलियाच्या जातीचे लागतात. तीन हद्दी झाल्या. यातली कोणतीही घ्या, मी पूर्ण मार्क देईन. चौथी सापडली तर तीही चालेल. पण रेघेच्या शेजारी कारण लिहिलेलं पाहिजे, तुमच्या शब्दांत, पुस्तकातल्या नाही. कारण नसलेली रेघ मी तुमच्यासमोर खोडीन आणि दुसरा कागद हातात देईन.